शेवटी चढणारा, आधी उतरणारा

चूक सॉफ्टवेअरची नव्हती, माझी होती. हे कबूल करायला मी फार उशीर केला.

मी जालन्याच्या एमआयडीसीत एका बियाणं कंपनीत ऑपरेशन्स रिसर्च अ‍ॅनालिस्ट आहे. म्हणजे गाड्या, माणसं आणि वेळ यांचं गणित मांडून कमी खर्चाचा मार्ग शोधणारा. कंपनीला स्टाफसाठी दोनऐवजी एकच बस ठेवायची होती. मी सगळे स्टॉप टाकले. सॉफ्टवेअरनं सर्वांत छोटा फेरा काढून दिला: कंपनीतून बदनापूर, मधली गावं, अंबड चौफुली आणि परत कंपनी.

असा फेरा कोणत्याही दिशेनं फिरा, अंतर तेवढंच. दिशा माणसानं ठरवायची असते. मी सकाळची सुरुवात बदनापूरकडून ठेवली आणि संध्याकाळची बरोबर उलटी. मी अंबड चौफुलीला राहतो. सकाळी सर्वांत शेवटी चढायचो, संध्याकाळी सर्वांत आधी उतरायचो.

प्लांट मॅनेजर जाधव साहेबांना रूट लगेच पटला. ते स्वतःच्या कारनं येतात.

लॅबमध्ये बियाण्याची उगवण तपासणाऱ्या शहनाज बाजी बदनापूरच्या. बसमध्ये सर्वांत जास्त वेळ त्याच. त्या तक्रार घेऊन आल्या तेव्हा मी केबिनमध्येच होतो.

साहेब म्हणाले, "बाजी, कॉम्प्युटर काय कोणाचा मेहुणा हाये का? त्यानं काढलंय म्हंजे बराबरच असंल."

मी मान डोलावली.

काही दिवसांनी बाजींनी राजीनामा दिला. म्हणाल्या, "पोरगी शाळेतून येती तं घराला कुलूप. शेजारीण रोज किती बसवून घेईल?"

मग मी साहेबांना खरं सांगितलं. त्यांनी आधी केबिनचं दार लावलं. हेड ऑफिसला हेच सॉफ्टवेअर दाखवून त्यांनी शाबासकी मिळवली होती. दिशा बदला, पण नोटिशीत 'सॉफ्टवेअरचं अपडेट आलं' असं लिहा, म्हणाले. मी तेही लिहिलं. आता संध्याकाळीही बस सकाळच्याच दिशेनं जाणार होती. जो आधी चढेल तो आधी उतरेल. नोटीस वाचून बाजींनी राजीनामा परत घेतला.

आमच्या गणितात दोन पर्याय 'सारखेच' असतात. बसमध्ये बसणाऱ्याला ते सारखे नसतात. निवडणाऱ्याला तर मुळीच नसतात.

पहिल्याच संध्याकाळी बदनापूरला उतरताना बाजी म्हणाल्या, "सर, तुमच्या कॉम्प्युटरला शुक्रिया सांगा."

बस भरलेली होती. मी उठून उभा राहिलो.

"बाजी, कॉम्प्युटरनं काहीच केलं न्हवतं. मला लवकर घरी जायचं होतं म्हणून दिशा मी ठरवली. तुम्ही विचारायला आल्ता, तवाबी गप बसलो. माझं चुकलं. मला माफ करा."