हुडकेश्वरच्या मैदानात ट्रॉलीला काम मिळालं

मंडळी, ट्रॅक्टरची ही जड डंपिंग ट्रॉली आज काम न मिळता परतली असती, तर मी ती विकणार होतो. सकाळी प्रताप नगरातल्या एका घरमालकानंही हात जोडले. गल्लीत ती वळतच नाही.

नाक्यावर आपल्या छोट्या टेम्पोनं रोज माझ्याआधी भाडं पटकावणारा रामभाऊ हसला. "हत्तीले बोळीत काहून कोंबून राहिला गा? हुडकेश्वरले मोठं मैदान मुरूम टाकून भराचं हाय. माह्या या टेम्पोच्या डब्यानं ते होत नाही. जाय तिकडं!"

गेलो, आणि उन्हाळाभराचं काम ठरलं. रिवाजाप्रमाणे मुरमाची पहिली खेप मारुतीच्या पारापाशी टाकली. नारळ मात्र रामभाऊला बोलावून त्याच्या हातून फोडून घेतला.

ज्याच्याशी चढाओढ, त्याच्याच तोंडून तुम्हाला कधी वाट सापडली आहे का?