बाबांच्या स्वेटरची लोकर

आमच्या आईने विणकामाच्या सुया उभ्या आयुष्यात कधी विकत घेतल्या नाहीत. लोणावळ्यात वारा-पाऊस असा, की माणूस बाजारातून नवी छत्री उघडून निघतो आणि घरी पोचतो तेव्हा हातात नुसता सांगाडा; कापड खंडाळ्याच्या दरीत. त्या सांगाड्यांच्या काड्या आई काढून घ्यायची, दगडावर घासायची आणि त्यांवर विणायची. तेव्हा ती वलवणला एका बंगल्यात भांडी घासायला जात होती. तिथल्या बाईने तिला सुलटा टाका शिकवला. उलटा शिकवायच्या आत बाई मुंबईला निघून गेली, मग तो आईने स्वतःच शोधून काढला. जगात तो आधीपासून आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिला मोठा स्वेटर तिने बाबांसाठी विणला. बाबा घाटात रेल्वेच्या लाइनवर कामाला. स्वेटर तपकिरी रंगाचा, गळाबंद, आणि इतका ऊबदार की बोगद्यातली थंडी बाबांना लांबून बघूनच कर्जतकडे उतरायची. एकदा त्यांनी तो रुळाच्या कडेला काढून ठेवला, तर ड्रायव्हरने अस्वल समजून मालगाडी थांबवली. ही गोष्ट बाबांचीच. मी त्यात फक्त अस्वल घातलं, त्यांच्या गोष्टीत म्हशीचं रेडकू होतं.

बाबा गेले, तेव्हा त्यांचे सगळे कपडे देऊन टाकले. स्वेटर तेवढा आईने ठेवला.

मी लग्न होऊन कामशेतला आले. धाकट्या भावाने पवना धरणाजवळच्या आमच्या गावच्या घराचं होमस्टे केलं. दारात बैलगाडीचं चाक टांगलं. आमच्याकडे बैलगाडी कधीच नव्हती. पुढची खोली पाहुण्यांना दिली आणि आईची खाट मागच्या पडवीत, गॅसच्या सिलिंडरशेजारी गेली. शनिवार-रविवार मात्र आईला नऊवारी नेसवून पुढच्या ओट्यावर बसवायचे. हातात सुया, मांडीवर लोकरीचा गुंडा. पुण्या-मुंबईची माणसं तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढायची. आई आयुष्यभर गोल पातळ नेसली. पण ते असो.

एकदा तिने एक मफलर पुरा केला, तर भाऊ म्हणाला, "आई, संपवत जाऊ नको गं. सुईवर अर्धवट लटकलेलं असलं की फोटोत फील येतो."

तेव्हापासून आई शनिवारी टाके घालायची आणि रविवारी गाड्या गेल्या की सगळं उसवून टाकायची. तीच लोकर, तोच मफलर. धरणातलं पाणी चढलं-उतरलं, पण आईचा मफलर वीतभराच्या पुढे गेला नाही.

माझ्या लेकीला दिवस गेले आणि आईच्या अंगात वारं भरलं. आमच्यात तान्ह्या बाळाला पहिल्यांदा नवंकोरं घालत नाहीत. घरात जो माणूस चांगला जगून गेला, त्याच्या जुन्या कपड्याचं आंगडं करतात; त्याचं आयुष्य बाळाला लागतं म्हणे. आईने बाबांचा स्वेटर काढला आणि उसवला. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी होते. ती तिने पाटाभोवती गुंडाळून भिजवली, सरळ वाळवली, आणि पुढच्या शनिवारी ओट्यावर मफलरच्या जागी बाळाचा स्वेटर सुरू केला. रविवारी उसवायचं बंद. भावाच्या ते लक्षातही आलं नाही. त्याचं लक्ष फोटोत.

लेक बाळंतपणाला माझ्याकडे आली. आईने फोन केला, "झाला गं बये. आता नुसती बटणं. ऐतवारी येऊन घेऊन जा."

रविवारी संध्याकाळी मी रिक्षाने निघाले. वळणावर समोरून एक लांबलचक गाडी आली. खिडकीतून एक मूठभर कुत्रं डोकं बाहेर काढून हवा खात होतं, अंगात तपकिरी स्वेटर. मी हसले. रिक्षावाल्याला म्हटलं, "भाऊ, कुत्र्याचा थाट बघा!" कुत्र्याला हात हलवून टाटासुद्धा केला.

घरी आले तर आई ओट्यावर, हातात उरलेलं एक बटण.

"स्वेटर कुठाय?" मी विचारलं.

"पाव्हणीनं बघाया मागितला. म्या दिला. तिनं त्या कुत्र्याला घातला. बसला की गं बराबर, दोन बाह्यांत दोन पाय."

"आणि तू बोलली नाहीस?"

"पाव्हण्याच्या हातातलं माघारी कसं घ्यायचं? दारात आल्याला माणूस."

भाऊ आतून बाहेर आला. "अक्का, मीच म्हटलं राहू द्या, आमच्याकडून गिफ्ट. बाई लय खूश झाल्या. रिव्ह्यू बघ काय टाकलाय, 'आजीच्या हाताची ऊब'."

"अरे, ती बाबांची लोकर होती!"

"लोकरच ना? उद्या लोणावळ्यातनं दुसरी आणतो. त्याच रंगाची आणतो, मग तर झालं?"

मी जे बोलले ते तिकडे तिकोना किल्ल्यावरच्या माकडांनीही ऐकलं असेल. नको ते बोलले, हवं ते बोलले. भाऊ म्हणाला, गेस्ट आहेत, हळू. आई मधे पडली नाही. तिने नऊवारी सोडली, आपलं गोल पातळ नेसली आणि पिशवी घेऊन रिक्षात जाऊन बसली.

नात झाली. बाजारातून गुलाबी स्वेटर आणला, नवाकोरा, टोचरा. तो घालताना आई खोलीतून उठून गेली. मी बाबांचं जुनं धोतर कुणाकडे मिळतंय का म्हणून दोन गावं फिरले. देऊन टाकलेलं कोण जपून ठेवतं? लोकर आणून आईपुढे ठेवली, तर म्हणाली, "न्हाई गं, बोटं चालत न्हाईत." तीच बोटं सकाळी भाकरी थापत होती.

परवा लेकीने मोबाइलवर भावाच्या होमस्टेचा फोटो दाखवला. ओट्यावर नऊवारीतली दुसरीच एक म्हातारी. कुठल्या तरी शेजारच्या गावची असावी. हातात दोन सुया, त्यांना लोकर नुसती गुंडाळलेली. खाली लिहिलंय, 'आमची आई'.

मला वाटलं, आता आई रडेल. तिने मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ब्येस बसलीय," ती म्हणाली. "माझ्यापक्षा लय म्हातारी दिसती. ऱ्हाऊ दे तिलाच."