उद्याचं जेवण आज सांगणाऱ्या सुंदराबाई

बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात सुंदराबाई बारा वर्षांपासून शाळेचा पोषण आहार शिजवतात. कोणत्या लेकराला तिखट सोसत नाही, हे त्यांना शिक्षकांच्या आधी कळायचं.

चौथीतली आकांक्षा मात्र त्यांना कळेना. पोरगी हुशार, कविता तोंडपाठ. पण भाताला भाजी लागली की ताट ढकलायची. एकदा मटकीऐवजी वाटाण्याची उसळ आली, तर दोन्ही कान दाबून ती वर्गामागे पळाली.

"लाडावलेली आहे," गुरुजी म्हणाले. "राहू द्या उपाशी, येईल वळणावर."

सुंदराबाई मागोमाग गेल्या. खांद्याला हात लावला तर ती आणखीच आक्रसली. मग त्या नुसत्याच चार हात दूर बसल्या. बऱ्याच वेळानं आकांक्षा म्हणाली, "फळ्यावर मटकी लिहिली होती."

"हो माय, लिहिली होती. मटकी सरली, अन् मी तुले सांगितलंच नाई. माह्यं चुकलं."

त्या दिवसापासून शाळा सुटताना त्या तिला गाठून सांगत, "उद्या मुगाची खिचडी. भाजी येगळ्या वाटीत." बदल झालाच तर सकाळी, प्रार्थनेआधी. महिनाभरात आकांक्षा पंगतीत जेवू लागली.

आरोग्य तपासणीला आलेल्या डॉक्टर निखत यांनी हे ऐकलं आणि तिला अकोल्याला बोलावलं. आकांक्षाच्या आईनं हट्टानं सुंदराबाईंनाही सोबत नेलं. तीन भेटींनंतर डॉक्टर म्हणाल्या, "याला पूर्वी अ‍ॅस्पर्जर म्हणायचे, आता ऑटिझममध्येच धरतात. बुद्धी कमी नाही, लाडाचा दोष नाही. आवाज, स्पर्श, अचानक बदल तिला फार बोचतात. लोकांच्या मनातलं न सांगता कळत नाही. यावर गोळी नाही. आधी सांगायचं, स्पष्ट सांगायचं, चार माणसांत वावरणं हळूहळू शिकवायचं. सुंदराबाई, तुम्ही सुरुवात केलीच आहे."

आकांक्षा आता सहावीत आहे. फार गलका झाला तर हात वर करून व्हरांड्यात जाऊन बसते. गुरुजी अडवत नाहीत.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्या दिवशी अकोल्याहून परतताना सुंदराबाईंच्या मनात मात्र घरचंच माणूस घोळत होतं. घरी त्यांचा धाकटा भाऊ नागसेन, पंचेचाळिशीचा, ग्रामपंचायतीचं नळाचं पाणी सोडणारा. तो कुणाच्या नजरेला नजर देत नाही. लोक घमेंडी म्हणतात. लहानपणी तो शाळेतून पळून यायचा, वडील मारायचे, आणि मार बसताना त्याला धरून ठेवायचं काम सुंदराबाईंचं.

चहा पुढे ठेवून त्यांनी विचारलं, "नागसेन, तू शाळेतून कावून पयून येत होता रे?"

एवढ्या वर्षांत, का पळून येतोस, हे कुणी विचारलंच नव्हतं. तो भिंतीकडे पाहत म्हणाला, "सगळे एकदम बोलत. डोक्शात घण पडल्यावानी होये. मले वाटे, सगळ्यायलेच तसं होते; मलेच सोसता येत नाई."

सुंदराबाईंचे डोळे भरून आले. "अन् मी तुले धरून ठेवत होती. माफ कर मले."

"तू सैल धरत होती," नागसेन म्हणाला. "मले मालूम होतं."

मग त्यानं घड्याळ पाहिलं, चहा संपवला आणि पाणी सोडायला निघून गेला.