साखरबाईची हाळी आणि मुका कॉम्प्युटर

कन्हेरीच्या सर्जेरावांचा सगळा जन्म कर्ण्यांच्या शेजारी गेला. वडिलांनी मेंढरं राखली. सर्जेरावांनी मात्र मेंढरं विकून अ‍ॅम्प्लिफायर घेतला आणि लग्नं, जत्रा, प्रचारसभा असं सगळं वाजवत बारामतीपासून इंदापूरपर्यंत हिंडले. आवाज कमी पडला की बटन उजवीकडं फिरवायचं, जास्त झाला की डावीकडं. यापलीकडं आवाजाचं काही शास्त्र असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांच्या पुतणीनं, योगिनीनं, अठ्ठ्याण्णव साली इंदापुरात कॉम्प्युटर क्लास काढला. सर्जेरावांकडं आईची, साखरबाईची, एक जुनी कॅसेट होती. म्हातारी जाण्याआधी एका दसऱ्याला त्यांनीच तिच्यापुढं माईक धरला होता. मेंढरांना ती कशी हाळी द्यायची, कुठल्या मेंढीला काय म्हणायची, ते सगळं तिनं हसत हसत सांगितलं होतं. आता कॅसेटची फीत घासत चालली होती. योगिनी म्हणाली, "तात्या, द्या माझ्याकडं. कॉम्प्युटरमध्ये घेते, मग घासायची भीती नाही."

आठवड्यानं तिनं त्यांना बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवला. पडद्यावर हिरव्या रेघा नाचू लागल्या. खाली आवाजाची पट्टी पार टोकाला सरकवलेली होती. योगिनीनं ओठ हलवून विचारलं, "येतंय ना ऐकू?"

कानात काहीच नव्हतं. खरखरसुद्धा नव्हती.

पण क्लासमधली चार पोरंपोरी त्यांच्याकडंच बघत होती. सर्जेरावांनी मान हलवली. "व्हय. येतंय की." रेघा उंच उड्या मारत होत्या, म्हणजे आई बोलत होती आणि त्यांनाच ऐकू येत नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. योगिनीला वाटलं, आजीची आठवण आली. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

घरी येताना एसटीची घरघर त्यांना ऐकू येत होती. कंडक्टरची घंटीही येत होती. मग आईचाच आवाज तेवढा का नाही? अंगणात पाय ठेवताच त्यांनी बायकोला हाक मारली, "भामा, काहीतरी बोल."

"काय बोलू?" भामाबाई म्हणाली.

"हळू बोल."

"बरं वाटत न्हाय का तुमाला?" ती पुटपुटली. तेही ऐकू आलं. सर्जेराव आणखीच गोंधळले.

त्यांनी भिगवणच्या लग्नाची सुपारी परत केली. बहिरा माणूस कर्णे कसे सांभाळणार? शेवटी भामाबाईनं त्यांना ओढतच बारामतीला कानाच्या डॉक्टरांकडं नेलं. तपासून डॉक्टर म्हणाले, "जरा कमी येतं, वयाप्रमाणं. पण बहिरे नाही तुम्ही."

"मग माजी आई का ऐकू येत न्हाय?" सर्जेरावांनी विचारलं. डॉक्टरांनी भामाबाईकडं पाहिलं. आई जाऊन सात वर्षं झाली होती, हे तिनं सांगितलं तेव्हा तर डॉक्टर फारच हळुवार बोलू लागले.

तिथून भामाबाईनं त्यांना घेऊन थेट इंदापूरची एसटी धरली. क्लासमध्ये शिरल्या शिरल्या तिनं योगिनीला सगळं सांगितलं. योगिनीनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि तिचा चेहराच उतरला.

"तात्या, काहीच वाजत नाहीये! बोलला का नाही तुम्ही?"

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक कर्णा होता आणि त्यावर तांबडी खूण होती. योगिनीनं तिथं टिचकी मारली. "कॅसेट आत घेताना मीच बंद केलेला, मग विसरले. हा अख्ख्या कॉम्प्युटरचा आवाज."

"अगं, पण पट्टी तर टोकाला हुती. मी बघितली."

"ती नुसती या प्रोग्रामची. प्रोग्रामनं कितीही मोठ्यानं पाठवलं तरी कॉम्प्युटरनं तोंड मिटलं की बाहेर काही येत नाही. आणि हेडफोनला तिसरं बटन आहे, ते वेगळंच."

"एका आवाजाला तीन मालक? मग खरा कोणचा?"

"तिन्ही खरे."

सर्जेरावांना हे काही पटलं नाही. तरी त्यांनी हेडफोन चढवला. एकदम साखरबाईची हाळी कानात घुसली, इतक्या जोरात की ते खुर्चीवरून उठलेच. तिन्ही बटनं चढलेली होती. योगिनीनं घाईघाईनं पट्टी खाली ओढली.

"आगं, नगं," सर्जेराव म्हणाले. "ऱ्हाऊ दे. ती अशीच वरडायची."

मग ते पुन्हा बसले. कुठली पट्टी कशाला, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. पडद्यावर रेघा नाचत राहिल्या. थोड्या वेळानं त्यांनी हेडफोन काढून भामाबाईच्या कानांवर ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडं बघत बसले.

"येतंय का?" त्यांनी विचारलं.

भामाबाई हसली. "सासूबाई मलाच हाका मारत्यात जणू."