सप्लायला आलेला ताप

काल पार्लरमध्ये कुणाचा तरी चार्जर तापला आणि त्या करपट प्लॅस्टिकच्या वासाने मला मुलुंडच्या या गाळ्यातले पहिले दिवस आठवले. ऑफिसची नोकरी सोडून मी पार्लर काढलं म्हणून आई माझ्याशी धड बोलत नव्हती. उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं होतं, आणि आरशाभोवतीची एलईडी पट्टी दर अर्ध्या तासाने लुकलुकून विझायची. मी पट्टीलाच शिव्या घालत होते. डबा द्यायला आलेल्या आईने आरशामागे हात घातला आणि लहानपणी आमच्या कपाळाला लावायची तसा उलटा हात पट्टीला वीज पुरवणाऱ्या सप्लायच्या पत्र्याला लावला. "ह्येका ताप इलो हा गो," ती म्हणाली. तो सप्लाय घेऊन मी तडक लाइटवाल्याकडे गेले. तो वैतागला, "पट्टी साठ वॅटची आणि सप्लायही साठचाच? त्याने दम कधी खायचा? शंभरचा न्या." मी घाबरले, "अहो, पट्टी जळेल ना!" "नाही जळत. व्होल्ट तेच ठेवा, बाराच. पट्टी लागेल तेवढीच वीज घेते." नवा सप्लाय लावला. तासाभराने आईने पुन्हा उलटा हात लावला. नुसता कोमट. "पयला गिराईक मीच," म्हणत ती खुर्चीत बसली आणि भुवया कोरून घ्यायला डोळे घट्ट मिटले. आता ती गावी असते. फोन केला की आधी विचारते, "ताप नाय मा?" तो सप्लायचा, माझी चौकशी त्यानंतर. आणि मीही उलटा हात लावून बघितल्याशिवाय उत्तर देत नाही.