वायरीला हात लावू नका

फोनची वायर खोचली की काका दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. "आता हात लावायचा नाय. त्याला उठू द्या." इंटरनेटवर चालणारे फोन तुमच्याही ऑफिसात असतील. ते सुरू होताना कुणी देवळात उभं राहावं तसं उभं राहिलेलं पाहिलंय कधी? मी पाहिलंय. आमच्या चिकलठाण्याच्या कंपनीत फोनचं काम काकांकडे होतं. पैठणहून एसटीनं यायचे, आठवड्यातून दोनदा.

मी तेव्हा रिसेप्शनवर नवीन, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. नवरा नुकताच गेलेला, पोरगी लहान. पहिल्याच दिवशी मी वैतागून विचारलं, "काका, साधा फोन लगेच लागतो. ह्याला एवढे नखरे कशाला?"

"हा बी तुमच्यावाणी नवीन माणूस हाय, ताई. आधी ह्याच वायरीतनं करंट घेतो. मग इचारतो, मी कुठल्या लायनीत बसू? मग पत्ता मागतो. पत्ता भेटला की सर्व्हरकडं जाऊन आपली फाइल आणतो, त्यात त्याचा नंबर. मग हजेरी लावतो, तवा कुठं बोलायला लागतो."

"आणि मधेच वायर काढली तर?"

"मग बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासनं."

फोन सुरू झाला की काका त्यावरून स्वतःच्याच मोबाइलवर फोन लावायचे. शर्टाच्या खिशात घंटी वाजायची. एका कानाला हा, दुसऱ्या कानाला तो. "बोला, कोण बोलतंय? मीच बोलतोय." आम्ही पोट धरून हसायचो. ते मात्र गंभीरपणे दोन्हीकडचं ऐकून मान हलवायचे.

एकदा जाताना ते मला बजावून गेले, "उद्या सकाळी तुमचा फोन आपणहून नवी फाइल उतरवून घेईल. पडद्यावर बाण फिरत राहील. अर्धा तास लागू द्या, पण वायरीला हात लावू नका. एरवी नुसतं पहिल्यापासनं व्हतं, उद्या मधेच काढली तर अर्धवट राहून मरून जाईल तो."

दुसऱ्या दिवशी अकराला पुण्याच्या मोठ्या गिऱ्हाइकाचा फोन येणार होता. पावणेअकरा झाले, बाण फिरतोच आहे. साहेब केबिनमधून दोनदा ओरडले. माझा धीर सुटला. मी वायर काढली, लावली. पुन्हा काढली, लावली. पडदा काळा झाला तो झालाच. गिऱ्हाइकाचा फोन आलाच नाही, म्हणजे आला असेल तर वाजला नाही.

साहेब बाहेर आले. "काय केलंस?"

"मी काही नाही केलं, सर. काल काका काहीतरी करून गेले, तेव्हापासून असंच आहे."

मी बोलून गेले. एका वाक्यात त्या माणसाला पुढे ढकलून दिलं मी.

काकांना बोलावून घेतलं. आल्या आल्या त्यांनी माझ्याकडून सर्व्हर रूमची किल्ली मागून घेतली, दहा मिनिटं आत होते. मग केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. साहेब वाट्टेल ते बोलले. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "व्हय साहेब, माझ्याच हातनं राहिलं असंल काहीतरी." त्यांचं काम त्याच दिवशी काढून घेतलं. जाताना त्यांनी जुना एक फोन आणून माझ्या टेबलावर लावला, सुरू होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "झाला बघा चालू."

मी स्वतःची समजूत घातली की वय झालंय, त्यांना खरंच वाटलं असेल आपलं चुकलं म्हणून. ह्या समजुतीवर मी दोन वर्षं निवांत झोपले. लाज वाटते सांगायला.

मग एक दिवस नव्या इंजिनिअरनं सहज लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघा मॅडम, कुठल्या टेबलावरची वायर कधी निघाली, कधी लागली, सगळं वेळेसकट इथं येतं. फोन मेला की आम्ही सर्व्हर रूममध्ये जाऊन पहिलं हेच बघतो."

त्या दिवशी काका केबिनमध्ये जायच्या आधी दहा मिनिटं आत होते. किल्ली मीच दिली होती.

मोबाइल लावला, तो बंद. जुन्या फाइलीतून पत्ता काढला आणि रविवारी पैठण गाठलं. दार काकूंनी उघडलं. कंपनीचं नाव सांगताच आत बोलावलं. काका मागच्या उन्हाळ्यात गेले होते. आमचं काम सुटल्यावर बोभाटा झाला, बाकीच्या कंपन्यांनीही बोलावणं बंद केलं. मग घरीच असायचे.

"तुम्ही फोनच्या टेबलावरच्या ताई ना?" काकूंनी विचारलं. "पर्मनंट केलं का ओ तुम्हाला? ते लई डाव म्हणायचे, बारकं लेकरू हाय तिला, नोकरी टिकली का नाय कुणास ठाऊक. मी कुठनं सांगणार त्यांना?"

"केलं," मी म्हणाले.

"बरं झालं बाई," म्हणत काकू चहा ठेवायला उठल्या. जे सांगायला गेले होते ते माझ्या तोंडून तेव्हाही निघालं नाही. चहा घेतला आणि मिळेल त्या गाडीनं परत आले.