मोटारीतलं बिऱ्हाड

महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या. माझा थोरला भाऊ फौजेत ड्रायव्हर होता. सुटून आल्यावर त्यानं त्यातली एक ॲम्ब्युलन्स घेतली आणि आतच संसार थाटला. स्ट्रेचरच्या जागी दोन फळ्या, कोपऱ्यात स्टो, खिडकीला वहिनीच्या जुन्या लुगड्याचा पडदा. आठवडी बाजार गाठत दोघं हिंडत. दादा स्टो, कंदील, कुलपं दुरुस्त करी. बाजूच्या लाल क्रॉसवर दोनदा रंग फासूनही तो रंगाखालून दिसायचाच. एका गावात तो बघून तापानं फणफणलेल्या म्हाताऱ्याला लोक बाजेवर घालून घेऊन आले. वहिनीनं त्याला पेज करून पाजली.

साताऱ्याकडच्या आमच्या घरात तेरा माणसं. तिथं चुलीपुढं वहिनीला कुणी काही विचारत नसे. ती एकदा गाडीतल्या स्टोपुढं बसून मला हसत म्हणाली, "भावजी, हितं मीठ कमी पडलं तर माझं मलाच कळतंय. कुणी सांगाय येत न्हाई." ती गाडी तिला काय होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गाडीचा रेडिएटर गळायचा. दादा त्यात सांगलीची हळद टाकून भोकं बुजवी. तरी दर सात-आठ मैलांवर पाणी घालावं लागे. मचूळ पाणी इंजिनाला चालायचं नाही, असा त्याचा हुकूम. म्हणून कृष्णेचं पाणी एका डब्यात भरलेलं असे आणि तो डबा सांभाळायचं काम वहिनीकडे.

मला जतकडची मुलगी सांगून आली, तेव्हा मी त्यांच्याबरोबरच निघालो. जत जवळ आल्यावर गाडी थांबली. दादा तिच्याखाली शिरून काहीतरी आवळत होता, वहिनी काटक्या वेचायला गेली होती. माझ्या अंगावर धुळीची पुटं चढलेली. अशा अवतारानं मुलीपुढं बसायचं? मी डबा उचलला, बाभळीआड गेलो आणि साबण लावून अंघोळ केली. थोडं पाणी मागं ठेवणार होतो. ठेवलं नाही. रिकामा डबा गुपचूप जागेवर ठेवून दिला.

पुढच्या चढावर इंजिन उकळलं.

"पाणी आण गं," दादा म्हणाला.

वहिनीनं डबा उचलला आणि ती तशीच उभी राहिली.

"काय केलंस पाण्याचं? लुगडी धुतलीस व्हय? एक काम दिलं हुतं तुला!"

माझे केस अजून ओले होते. वहिनीनं ते पाहिले. मग तिनं मान खाली घातली.

मी त्या वेळी बोललो ते इतकंच : "दादा, उशीर होतोय. ती मंडळी वाट बघत असतील."

तापलेल्या इंजिनात गार पाणी घालू नये, हे दादा फौजेत इतरांना शिकवायचा. त्या दिवशी रागाच्या भरात त्यानं एका मेंढपाळाची घागर घेतली आणि सरळ ओतली. आत कट्ट असा आवाज झाला. इंजिन तडकलं.

मी चालत गेलो. माझं लग्न ठरलं. गाडी बैलांनी ओढत नेली आणि भंगारात दिली. पडदा वहिनीनं स्वतः उतरवून घेतला आणि ती पुन्हा त्या तेरा माणसांत गेली. पुढची वीस-बावीस वर्षं तिथंच राबली. माझ्या ताटात वाढताना तिचा हात कधी आखडला नाही. ती एकदा तरी काही बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं.

परवा तिचं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर दादा पाहुण्यांना सांगत होता, "लय गुणाची हुती. पर एक डबा पाणी काय तिला राखता आलं न्हाई." हे तो जन्मभर सांगत आला होता, आणि लोक दर वेळी हसत आले होते. मीही हसायचो.

पाहुणे उठून गेल्यावर मी त्याला सगळं सांगितलं.

मला वाटलं, उठून मारील. मारलं असतं तर चाललं असतं.

"मग मी तिला इतकी वर्सं बोललो ते, रं?" तो म्हणाला. "चुकलं म्हून आता कुणाला सांगू?"